अंग तिकडे, पाती इकडे

आमच्या घरात माणसं कमी बोलायची आणि लाकूड जास्त. बीबी गावच्या बाजाराच्या मागच्या अंगाला आमचं सुताराचं घर होतं. पुढे मोठं अंगण, अंगणात निंबाचं झाड, झाडाखाली दोन भावांचं काम आणि मागे दोन खोल्या व एक चूल. थोरले ते माझे मोठे बाबा, धाकटे माझे बाबा. मी चालायला लागले त्या सुमारास आई वारली. तिचा चेहरा मला आठवत नाही, आणि आठवतो असं उगाच सांगायची माझी तयारी नाही. मला वाढवलं मोठ्या बाबांच्या बायकोनं, म्हणजे मोठमायनं. तिची कूस उजवली नव्हती. गावातल्या बाया मला तिचीच समजायच्या आणि ती कुणाची समजूत दुरुस्त करायला जायची नाही. अंबाडीच्या भाजीत ज्वारीच्या कण्या टाकून ती शिजवायची, वरून लसणाचं कडकडीत तेल ओतायची आणि पहिला घास फुंकून माझ्या तोंडात घालायची. मी चांगली परकर नेसणारी पोर झाले तरी तिचं हे फुंकणं सुटलं नाही. मोठे बाबा चिडवायचे, की हिच्या सासरी तुलाच घास फुंकायला धाडावं लागेल. मोठमाय म्हणायची, धाडा.

दोघा भावांच्या कामाची रीत मला पाठ होती. वाकस, करवत, पटाशी ही हत्यारं ज्याची त्याला वेगळी. पण झिरीचा रंधा दोघांत एकच होता. लाकडाच्या कडेला लांबच लांब सरळ खाच पाडायची असली की हा रंधा निघायचा. त्या खाचेला झिरी म्हणतात. दाराच्या चौकटीत फळ्या बसतात त्या तिच्यातच. माझे आजोबा उमेदीत खामगावच्या एका सरकी काढण्याच्या कारखान्यात गोऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली होते. तो मिस्त्री विलायतेला परत जाताना रंधा त्यांना देऊन गेला. रंध्याचं अंग पिवळसर जड लाकडाचं, खाली उभी लोखंडी पट्टी. त्याच्या जोडीला एक चपटी पेटी होती. तिच्यात पोखरलेल्या घरांतून पाती निजवलेली असायची, पहिलं बोरूच्या टोकाएवढं बारीक आणि शेवटचं अंगठ्याएवढं रुंद. पेटीतच आडपट्टी होती, म्हणजे रंध्याच्या बाजूला दोन दांड्यांवर सरकणारी लाकडाची पट्टी. ती लाकडाच्या कडेला टेकली की रंधा वाट सोडत नाही. आणि एक लोखंडी जिभली होती, ती ठरल्या खोलीवर रंध्याला थांबवायची.

पातं निवडणं हे बाबांचं काम. चौकटीच्या जाडीचे मनातल्या मनात तीन भाग करायचे आणि मधल्या भागाएवढं पातं घ्यायचं, ही त्यांची रीत होती. रुंद पातं घेतलं तर झिरीचे ओठ पातळ होऊन चिरतात, बारीक घेतलं तर फळी धरत नाही. मग ते पात्याची धार लावायचे, आडपट्टी बसवायचे, पाचर ठोकायचे आणि रंधा मोठ्या बाबांच्या हाती द्यायचे. रंधा चालवायचा मोठ्या बाबांनीच, कारण छाती त्यांची. ते लाकडाच्या पलीकडच्या टोकापासून आखूड आखूड हात मारत मागे यायचे आणि झिरी जमली की एकाच दमात या टोकापासून त्या टोकापर्यंत रंधा न्यायचे. त्या शेवटच्या हाताला जो लांब, ओलसर आवाज व्हायचा तो ऐकला की मोठमाय आतून म्हणायची, झालं यांचं, पाट मांड. बाबांनी तो रंधा चालवलेला किंवा मोठ्या बाबांनी पेटी उघडलेली मी कधी पाहिली नव्हती. त्या वेळी मला त्यात विशेष काही वाटलं नाही. एकानं पाणी शेंदावं आणि दुसऱ्यानं भरावं तसं ते होतं.

मी आता अकोल्याला मुलाकडे असते. आमच्या बिल्डिंगखाली फर्निचरचं दुकान आहे. तिथला कारागीर विजेचा हातरंधा चालवतो, राऊटर म्हणतात त्याला. त्याच्याजवळही अशीच पेटी आहे, तीत रांगेनं निरनिराळी पाती, आणि तोही एक उचलतो, फळीला लावून बघतो, परत ठेवतो, दुसरं उचलतो. मी भाजी घेऊन येताना तिथं जरा उभी राहते. सुनेला वाटतं माझे गुडघे दुखतात. दुखतातही.

घर फुटलं ते एका जेवणावरून. बाबांनी दुसरं लग्न करावं म्हणून मोठे बाबा मागे लागले होते. सुलतानपूरकडची एक मुलगी त्यांनी पाहूनही ठेवली होती. बाबा नाही म्हणत होते. त्या दिवशी दोघे जेवायला बसलेले, मी मोठमायच्या मांडीला टेकून. बाबांनी पुन्हा नाही म्हटल्यावर मोठे बाबा कावले आणि बोलून गेले, "नाही करत, त मंग तुह्या पोरीले आम्ही कवापर्यंत पोसावं?"

बाबांनी हातातली भाकर ताटात ठेवली आणि ताटातच हात धुतला. मी मोठमायकडे पाहिलं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, पण ती काही बोलली नाही. तिथं तिनं बोलायची रीत नव्हती हे मला आज कळतं. तेव्हा मला एवढंच कळलं की मी जड झाले आहे आणि मोठमायलाही ते कबूल आहे. दुसऱ्या दिवशी बाबांनी वाटणी मागितली.

मेहकरहून जातीचे पंच आले. आमच्यात वाटणी म्हणजे सारखी वाटणी. एका थाळीवरूनही भावाभावांनी एकमेकांचं तोंड बघायचं नाही अशी पाळी येते. बैल एकेक, खोल्या एकेक, हत्यारं मोजून. शेवटी राहिला झिरीचा रंधा. मोठे बाबा म्हणाले, मी चालवतो, माझा. बाबा म्हणाले, मी लावतो, माझा. पंचांनी विकून टाका म्हटलं ते दोघांनाही मानवलं नाही. मग त्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्यानं तंबाखू मळत निकाल दिला, की अंग थोरल्याचं आणि पेटी धाकट्याची, आता उठा. लोक कितीतरी दिवस हसत होते, की सुतारांनी जबडा एकाला दिला न् दात दुसऱ्याला. माझी वाटणी करायची गरजच पडली नाही. बाबांनी माझं बोट धरलं आणि अलीकडच्या खोलीत नेलं. अंगणात मातीची भिंत उठली, निंबाचं झाड त्यांच्याकडे गेलं आणि सावली दुपारनंतर आमच्याकडे यायची. पलीकडे पाऊल टाकायचं नाही असं बाबांनी मला एकदाच सांगितलं. ते दुसऱ्यांदा काही सांगतच नसत.

मी चूल पेटवायला शिकले, म्हणजे आधी डोळे सुजवायला शिकले. भाकरी काठाला करपायची आणि मध्ये कच्ची राहायची. बाबा ती मुकाट्यानं खायचे, कधी पाण्यात बुडवून. चांगली झाली तरी तसेच मुकाट्यानं खायचे, त्यामुळे मला शिकायला वेळ लागला. दिवसभर घरात माझ्याशी बोलणारं कुणी नव्हतं. मी भिंतीला पाठ लावून बसायची. पलीकडून मोठमायच्या बांगड्या वाजायच्या, सूप वाजायचं, ती खोकायची. डाळीला फोडणी पडली की वास आमच्याकडे यायचा, त्याला कुणाची मनाई नव्हती. ती माझ्यासाठी कधी हाक मारेल म्हणून मी वाट बघायची, आणि तिनं हाक मारली नाही की मनात म्हणायची, तिलाही सुटल्यासारखं झालं असेल. आईविना पोरीला रडायला एक जागा लागते. माझी ती जागा भिंतीपलीकडे राहिली होती, आणि मी अगदी एकटी होते.

खंडेनवमीला सुताराच्या घरी हत्यारं पुजतात. त्या दिवशी कशालाही धार लावायची नाही की लाकडाला जखम करायची नाही. बाबांनी हत्यारं धुऊन पाटावर मांडली, मधोमध ती पेटी उघडून ठेवली, प्रत्येक पात्याला हळदकुंकू लावलं. पलीकडे मोठ्या बाबांनीही रंध्याचं बिनपात्याचं अंग पुजलं असणार, कारण घंटा दोन्हीकडे वाजली. नैवेद्याच्या पुरणाला मी पाणी जास्त घातलं होतं. देवानं ते कसं खाल्लं देव जाणे, बाबांनी खाल्लं.

मग गावच्या हाजीसाहेबांनी नवं घर काढलं. हाजीसाहेब कापडाचे व्यापारी, दोन्ही भावांना धरून असणारे. एकाचं मन राखावं तर दुसरा रुसेल म्हणून त्यांनी अर्धी दारं इकडे दिली, अर्धी तिकडे. अट एकच, की सगळी दारं एकसारखी दिसली पाहिजेत, फळ्या सगळ्यांत झिरीत बसवलेल्या. म्हणजे एकाच वेळी दोघांनाही तोच रंधा हवा, आणि अंग भिंतीच्या त्या बाजूला, पाती या बाजूला. हाजीसाहेबांनी स्वतः येऊन बाबांना समजावलं. बाबा म्हणाले, त्यानं मागावं. ते तिकडे गेले. मोठे बाबा म्हणाले, त्यानं द्यावं. हाजीसाहेब टोपी नीट करत घरी गेले.

मोठ्या बाबांनी लोहाराकडून पातं करून घेतलं. पण खऱ्या पात्याच्या पाठीला बारीक खाच असते, ती रंध्याच्या लोखंडी पट्टीवर घोड्यासारखी बसते, म्हणून पातं हलत नाही. मोठ्या बाबांनी आयुष्यभर रंधा चालवला, पण पात्याची पाठ कधी पाहिली नव्हती. ते काम बाबांचं. लोहारानं सपाट पाठीचं पातं दिलं आणि यांनी ते घातलं. आडपट्टी तर नव्हतीच. तिच्या जागी त्यांनी लाकडावर एक पट्टी खिळ्यांनी मारली. इकडे बाबांनी बाभळीचा ठोकळा पोखरून रंध्याचं अंग केलं. त्याच्या तोंडात सालं अडकायची, दोन हातांनंतर काडीनं तोंड मोकळं करावं लागायचं. बाबांच्या छातीला ते काम सोसायचंही नाही, खोकल्याची उबळ यायची. मी अंगणात बसून दोन्हीकडचे आवाज ऐकायची. पलीकडे रंधा चालता चालता किंचाळायचा. तसा किंचाळला की बाबा आपला हात थांबवायचे आणि कान द्यायचे. एकदा आपल्याशीच म्हणाले, "पातं हालून राह्यलं त्याचं." त्या आठवड्यात त्यांच्या तोंडून निघालेलं ते सगळ्यात लांब वाक्य होतं. तिकडे मोठ्या बाबांचं एक चौकटीचं लाकूड चिरलं, ते त्यांनी भिंतीवर आपटलं; आमच्या बाजूची माती पडली.

बाजाराच्या दिवशी बाबा लाकूड चिकटवायचा सरस आणायला गेले. मी पेटी उचलली, परकराच्या घोळात लपवली आणि रस्त्यानं वळसा घालून पलीकडच्या दारात गेले. पेटी हे निमित्त होतं. मला मोठमाय पाहिजे होती. ती अंगणात तूर पाखडत होती. तिनं मला पाहिलं, सूप खाली ठेवलं आणि आधी नवरा कुठे आहे ते बघितलं. मग मला ओढून घेतलं आणि माझ्या केसांत बोटं घातली. केसांची जटा झाली होती. ती एकेक गुंता सोडवू लागली. मला रडू येईना. इतके दिवस ठेवलेलं रडू मी ऐनवेळी हरवून बसले.

मोठे बाबा आतून आले. पेटी पाहून त्यांचा चेहरा बदलला. ते उकिडवे बसले, झाकण उघडलं, आणि त्यांचं बोट पात्यांवरून जात जात नेमकं पाहिजे त्या पात्यावर थांबलं. त्यांनी ते काढलं, उलटं केलं, पाठीची खाच अंगठ्याच्या नखानं चाचपली. बराच वेळ चाचपत राहिले. मग विचारलं, बाबांनी धाडलं का? मी नाही म्हटलं. त्यांनी पातं परत त्याच्या घरात निजवलं, झाकण लावलं आणि पेटी माझ्याकडे सरकवली. म्हणाले, भावाला न सांगता आणलेलं पातं मी लावणार नाही, घेऊन जा.

मी उठले नाही. इतके दिवस भिंतीला पाठ लावून जे घोकत होते तेच तोंडातून निघालं. "मोठे बाबा, मी जड झालते का तुमाले?"

मोठमायचा माझ्या केसांतला हात थांबला. मोठे बाबा उठून बाहेर निघून गेले, आणि थोड्या वेळानं मोठमायनं पेटी माझ्या हाती देऊन मला दारापर्यंत सोडलं.

दिवस कलता कलता बाबा परत आले, आणि त्यांच्या मागोमाग मोठे बाबा आमच्या ओट्यावर येऊन बसले. वाटणीनंतर पहिल्यांदा. हातात रंध्याचं अंग होतं. ते त्यांनी दोघांच्या मध्ये ठेवलं. पोरगी येऊन गेली, पेटी घेऊन आली होती, तिला बोलू नको, असं आधी सांगितलं. मग म्हणाले, "रंधा आख्खा तुहा. माही दारं बी तूच कर. पोरगी आमच्याजवळ राहू दे. तिच्या मोठमायनं पाणी ठेवलं तिले न्हाऊ घालाले."

बाबा जमिनीकडे पाहत म्हणाले, "त्या दिशी काय बोलला व्हता दादा तू?"

"बोललो. ते खोटं व्हतं. तुह्या ओट्यावर बसून सांगून राह्यलो, अजून काय पाहिजे तुले?"

बाबा रंध्याची पाचर बोटानं पुढेमागे करत होते. मला वाटलं आता नाही म्हणतील, आणि नाही म्हटलं तर मी मरेन. हो म्हणतील असंही वाटलं, आणि त्याचीही भीती वाटली. शेवटी ते म्हणाले, "तिले इचार."

मला आजवर कुणी काही विचारलं नव्हतं. पुढेही फारसं कुणी विचारलं नाही. लग्न ठरलं तेव्हासुद्धा नाही. मी दाराची चौकट धरून उभी होते. पलीकडे मोठमाय होती, गरम पाणी होतं, फुंकलेला घास होता. इकडे बाबा होते, आणि त्यांच्या बाजारच्या पिशवीतून मी सकाळी बांधून दिलेली भाकर डोकावत होती, काठ करपलेली, अर्धी खाल्लेली, उरलेली अर्धी फडक्यात नीट गुंडाळून परत आणलेली. मी गेले तर ती कोण करणार आणि ते कुणाच्या हातचं मुकाट्यानं खाणार, एवढाच विचार माझ्या डोक्यात आला. त्यात शहाणपण नव्हतं. मी म्हटलं, "मी इथंच राह्यते."

लोकांना वाटतं म्हातारपणी माणसाला आपल्या निवडीचा अर्थ लागतो. मला लागलेला नाही. कधी वाटतं बरोबर बोलले, कधी पहाटे जाग येते आणि मला इतकं वाटतं की हो म्हणून धावत जायला हवं होतं, की मी उठून बसते.

मोठ्या बाबांनी मान हलवली आणि उठू लागले. बाबांनी त्यांना बस म्हटलं नाही, पण आत जाऊन पेटी आणली. उजेड जायच्या आत त्यांनी चौकटीचं लाकूड बोटांत धरून जाडी पाहिली, पातं काढलं, पाठीच्या खाचेत लोखंडी पट्टी बसवली, आडपट्टी सरकवून घट्ट केली, जिभली खोलीला लावली, पाचर दोनदा ठोकली. मग रंधा उचलून मोठ्या बाबांपुढे धरला. "पयले तुही दारं होऊ दे."

पुढं त्या रंध्याची ये-जा सुरू झाली. सकाळी बाबा पातं लावून द्यायचे, मोठे बाबा चालवायचे, आधी स्वतःची दारं, मग आमची. हाजीसाहेबांना सगळ्या झिऱ्या एकसारख्या मिळाल्या. भिंत मात्र कुणी पाडली नाही. मलाही आता जायची मनाई नव्हती. मी जायची, मोठमाय पाट द्यायची, ताट वाढायची, अजून घे म्हणायची. जशी आल्यागेल्या पोरीला म्हणतात तशी. घास तिनं पुन्हा फुंकला नाही, आणि मला तो मागता आला नाही. ते माझ्या त्या एका वाक्यानं झालं हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. पुढे दोन उन्हाळ्यांत माझं लग्न झालं आणि मी बीबी सोडली.

पण मला सांगायची आहे ती त्याच दिवसाची संध्याकाळ. मोठे बाबा रंधा घेऊन रस्त्यानं वळून आपल्या घरी गेले. मी चूल फुंकायला बसले. भिंतीपलीकडे मोठमायनं विचारलं, "काय म्हणे पोरगी?"

"बापाजवळ राह्यते म्हणे."

मोठमाय म्हणाली, "बरं केलं तिनं." आणि तिनं हंड्यातलं तापलेलं पाणी अंगणात ओतून दिलं. खूप पाणी होतं. ते भिंतीच्या बुडाशी येऊन मुरेपर्यंत मी ऐकत होते.